पाच मिलिमीटरचा सूट

विमानतळावरून पाहुणे येतात, लाकडी पायऱ्या चढतात आणि हातातली बॅग खाली ठेवायच्या आतच विचारतात, “इथल्या पाण्यात किती जाडीचा रबरी सूट लागतो?”

मी त्यांना उलट विचारते, “घरी झोपताना पाय पांघरुणाबाहेर काढता, की आत ओढून घेता?”

लोक हसतात. नवऱ्याला विचारलं तर उत्तर बायको देते. “बाहेर कसले काढतोय! मोजे घालून झोपतो हा.” मग त्याला पाच मिलिमीटरचा सूट मिळतो आणि तिला तीनचा. आमच्या रोआतान बेटाचं पाणी उन्हाळ्यात कोमट असतं, जानेवारीत जरा उतरतं. पाणी सगळ्यांना सारखंच, पण अंगं सारखी नसतात. कुणी हाडकुळा, कुणी भरलेला, कुणी दिवसाला एकच बुडी मारणार, कुणी चार. हे सगळं बघून जाडी ठरवावी लागते.

मी वेल्मा. सँडी बे गावात डीन नावाच्या एका कॅनेडियन माणसाचं डायव्हिंगचं दुकान आहे, तिथली मागची खोली माझी. सूट धुवायचे, सावलीत वाळत घालायचे, उसवलेल्या शिवणी चिकटवायच्या, सामान मोजून द्यायचं आणि मोजून घ्यायचं. पुढचं काम, म्हणजे लोकांना पाण्यात नेणं, मासे दाखवणं आणि धडधाकट परत आणणं, माझा धाकटा भाऊ एल्डन करतो.

एल्डनकडे पाहुण्यांच्या त्या प्रश्नाचं वेगळं उत्तर होतं. माझ्या खोलीच्या दाराला टेकून तो म्हणायचा, “सूट कशाला? हे पाणी थोडंच आहे, सूप आहे सूप! देवानं दिलेलं कातडं पुरे.” आणि खरंच, एवढ्या वर्षांत त्यानं सूट म्हणून अंगाला लावला नव्हता. गुडघ्यापर्यंतची चड्डी आणि उन्हानं विटलेला टी-शर्ट, बस्स. लहानपणी तो एका मास्कवर शंख काढायला खोल जायचा, तीच सवय पुढे राहिली. त्याला सगळे मुशी म्हणायचे. मुशी म्हणजे छोटा शार्क, त्याचं कातडं कसं, खरखरीत आणि जाड! दुकानात काउंटरच्या वर त्याचा फोटो आहे, आजूबाजूला सगळे रबरात गुंडाळलेले आणि मधे हा टी-शर्टात, दात काढून हसतोय. पाहुणे त्या फोटोखाली उभे राहून स्वतःचे फोटो काढायचे.

गेल्या वर्षी त्याला साखर निघाली. कॉक्सन होल गावच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला समोर बसवून सांगितलं, वजन उतरव, नाहीतर सुया टोचून घे. सुईला एल्डन लहानपणापासून भितो. त्यानं नारळाचा पाव सोडला, कोला सोडला, तळलेली केळी सोडली. त्याची बायको नोरीन त्याला उकडलेला मासा आणि कोबी द्यायची आणि स्वतः दारामागे उभी राहून पाव खायची. नाताळ आला तोवर त्याचं पोट पार गेलं होतं. चर्चमध्ये बायका म्हणाल्या, “मिस्टर एल्डन, तिशीतले दिसता हो!” तो पट्ट्याला नवी भोकं पाडून घ्यायचा आणि येता-जाता लोकांना दाखवायचा.

जानेवारीत उत्तरेचा वारा सुटला. दरवर्षी सुटतो. आठवडाभर लाटा, गार पाऊस, बोटी बांधलेल्या. मग वारा पडला, पाणी निवळलं आणि अडकून पडलेले पाहुणे एकदम समुद्रावर तुटून पडले. सकाळी दोन बुड्या, दुपारी एक, कुणाला संध्याकाळचीही हवी.

त्या पाहुण्यांत मार्लिस होती. मार्लिस मिनेसोटाची. सत्तरी उलटलेली, शाळेची बस चालवून निवृत्त झालेली, दर जानेवारीत आमच्याकडे येणारी. तिचा सूट पाच मिलिमीटरचा, आत टोपीवाली बंडी, हातात मोजे. बोटीवर चढली की पेंग्विनसारखी दिसायची. आमचा बोटवाला कॅप्टन आर्ली, ज्याची जीभ कधी आत राहत नाही, दरवर्षी तिची फिरकी घ्यायचा.

“मिस मार्लिस, तुमच्याकडे म्हणे तळं गोठतं आणि तुम्ही त्यावरून गाडी चालवता. आणि इथे येऊन हे रबर?”

“गाडीत हीटर असतो, कॅप्टन,” मार्लिस म्हणायची. “तुझ्या समुद्रात बसवलायस का?”

तिला कुणाच्या बोलण्याची पर्वा नव्हती. मला ती म्हणाली होती, “वेल्मा, मी इथे मासे बघायला येते. कुडकुडायचंच असतं तर घरीच राहिले असते, तिकिटाचे पैसे वाचले असते.”

एल्डनचं काहीतरी बिनसलंय हे मला आधी दिसलं ते भिंतीपाशी. माझ्या खोलीची मागची भिंत सकाळभर तापते. बुडी मारून आला की एल्डन त्या भिंतीला पाठ लावून उभा राहायला लागला, डोळे मिटून, उन्हात पसरलेल्या इग्वाना सरड्यासारखा. पूर्वी तो बोटीवरून उतरला की ओल्या अंगानं गप्पा मारत फिरायचा. आता टी-शर्ट काढून पिळायचा आणि भिंत गाठायचा. मी विचारलं तर म्हणाला, “पाठ दुखतेय.” दुसऱ्या दिवशी म्हणाला, “पोट बरं नाही.” नोरीनला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “घरी आल्यावर स्टुलावर बसतो ते थेट चुलीपाशी. मी स्वयंपाक कुठून करू?”

मग पाहुण्यांनी तक्रार केली. चिडून नाही, अवघडून. टेक्सासचं एक जोडपं डीनला म्हणालं, “एल्डन फार चांगला आहे, पण काल आमच्या हवेच्या टाक्या अर्ध्या भरलेल्या असताना त्यानं सगळ्यांना वर आणलं.”

डीननं एल्डनला विचारलं. एल्डन म्हणाला, “प्रवाह होता खाली.”

“प्रवाह?” आर्ली बोटीवरून ओरडला. “कसला प्रवाह? माझी दोरी सरळ खाली लटकत होती, ओळंब्यासारखी! काय मुशी, म्हातारपणी लवकर भूक लागते का?”

एल्डन टाकी खांद्यावर घेऊन आत गेला. एरवी त्यानं आर्लीच्या सात पिढ्या काढल्या असत्या.

त्याच दुपारी मार्लिस माझ्या खोलीत आली. स्वतःचा सूट स्वतः धुते ती, मला हात लावू देत नाही. टबात सूट बुचकळता बुचकळता म्हणाली, “वेल्मा, तुझ्या भावाला थंडी वाजतेय.”

“त्याला? मुशीला?”

“आज खाली माझ्या टाकीचा पट्टा सैल झाला. तो मागून आला बांधायला. किती वेळ खटपट करत होता! शेवटी मी वळून बघितलं. त्याची बोटं ऐकतच नव्हती. ओठ जांभळे. मी त्याचा हात धरला तर माझ्या घरच्या फ्रीजमधला मासा धरल्यासारखं वाटलं. मग आम्ही दोघांनी मिळून तो पट्टा लावला.”

मी सूट वाळत घालत होते, थांबले.

“मी डीनला काही सांगितलं नाही,” ती म्हणाली. “सांगणारही नाही. पण मी बस चालवायचे ना, मागे चाळीस पोरं. माझी बोटं बधिर झाली असती तर मी बस बाजूला लावली असती. एवढंच म्हणते मी.” सूट पिळून तिनं हँगरला लावला आणि गेली.

एल्डन भिंतीपाशीच होता. मी जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिले. भिंत खरंच छान तापलेली होती.

“मार्लिसचा पट्टा तुला लावता आला नाही म्हणे,” मी म्हटलं.

त्यानं डोळे उघडले नाहीत. “बक्कल गंजलंय तिचं.”

“तिचं बक्कल प्लास्टिकचं आहे, एल्डन. मी रोज बघते.”

त्यानं पाठ भिंतीला आणखी चिकटवली. समोर वाळूत आमच्या शेजाऱ्याच्या कोंबड्या उकरत होत्या. मग म्हणाला, “पहिली बुडी ठीक जाते. दुसरीला मध्येच कुठेतरी आतून थरथर सुरू होते. दात वाजतात, तोंडातला हवेचा नळ चावून धरतो. तिसरीला तर पाण्यात उतरल्या उतरल्या. मला वाटलं, आजार आहे कसला तरी. साखरेचाच असेल. डॉक्टरीणबाईंना सांगितलं नाही, त्या सुई देतील.”

मी त्याच्याकडे बघितलं. बरगड्या दिसत होत्या. चाळीस वर्षांत त्याच्या बरगड्या मी बघितल्या नव्हत्या.

“अरे वेड्या,” मी म्हटलं, “तुला आजारबिजार काही नाही. तुझा सूट गेलाय.”

“कसला सूट?”

“हा.” मी त्याच्या सपाट पोटावर चापट मारली. “इतकी वर्षं अंगावर चांगला जाडजूड सूट घालून हिंडत होतास. नोरीनच्या नारळाच्या पावाचा. तो तू वितळवून टाकलास, आणि आता उघडा पाण्यात उतरतोस आणि म्हणतोस थंडी का वाजते!”

त्याला हसू आलं, पण लगेच विरलं. “मग काय, परत पाव खाऊ?”

“सूट घाल. सगळे घालतात तसा.”

“नाही.”

“का?”

“का म्हणजे? मी सूट घातला की आर्ली संध्याकाळपर्यंत वेस्ट एंडपासून ओक रिजपर्यंत सगळ्या बेटाला सांगत सुटेल. आणि डीन? डीन म्हणेल, म्हातारा झाला हा, आता ह्याला काउंटरवर बसवा, पोरं ठेवा पाण्यात न्यायला.”

“काउंटरवर बसण्यात काय वाईट आहे? मी बसतेच की खोलीत.”

“तू बसतेस, वेल्मा. तुला आवडतं. मला तिथे बसवलं तर मी आठवड्यात वेडा होईन.” तो भिंतीपासून बाजूला झाला आणि टी-शर्ट अंगात चढवायला लागला. ओला टी-शर्ट त्याच्या पाठीला चिकटला आणि तो शहारला. माझ्यापासून लपवायला वळला, पण मी बघितलं.

“आणि उद्या कुणाचा पट्टा सुटला तर?” मी विचारलं. “सगळ्याच काही मार्लिस नसतात.”

तो तसाच निघून गेला. मला वाटलं, राग आला. पण संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर तो परत आला, खोलीत शिरला आणि दार लावून घेतलं.

“दाखव,” म्हणाला. “पण पातळ. टी-शर्टाच्या आत जाईल असं.”

मी दोन मिलिमीटरची बिनबाह्यांची बंडी दिली. वरून टी-शर्ट घातला तर खरंच दिसत नव्हती. आरशात पुढून बघितलं, मागून बघितलं, आणि शीळ घालत गेला. मला माहीत होतं हे पुरायचं नाही, पण एल्डनला पायरीपायरीनंच न्यावं लागतं. आईसुद्धा तेच करायची.

दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली बुडी चांगली गेली. दुसरीनंतर तो भिंतीपाशी आला. मी बाहेर गेलेच नाही. थोड्या वेळानं तो स्वतःच दारात येऊन उभा राहिला.

“पोट गरम राहतं,” म्हणाला, “हात-पाय तसेच. आणि मागून पाणी शिरतं. दर हालचालीला पाठीवरून गार ओघळ.”

“मापाची नाही ना ती. सूटच्या आत तेच ते पाणी बसून राहिलं पाहिजे, मग ते अंगाच्या उबेनं तापतं. दर वेळी नवं पाणी आत आलं तर दहा मिलिमीटरचा घातलास तरी उपयोग नाही. सैल तीनपेक्षा अंगाला बसणारा दोन बरा.”

“मग अंगाला बसणारा तीन दे. पूर्ण, हातापायाचा.”

“तू दिवसाला तीनदा उतरतोस, आठवड्याचे सहा दिवस. मार्लिस दिवसाला दोनदा उतरते आणि तिला पाच लागतो. त्यात तू वीस किलोनं हलका झालायस. तुलाही पाचच.”

“पाच!” तो असं म्हणाला जणू मी त्याला बायकांचा झगा घालायला सांगत होते.

खुंट्यांवर पाचचे सूट बरेच होते, पण मी चिमटीत धरून एकेक बाजूला केले. भाड्याचा सूट रोज खोल जाऊन दाबला जातो, त्यातले हवेचे बारके बुडबुडे मरतात. लेबलवर पाच लिहिलेलं असतं, पण चिमटीत तीनच येतात. एल्डनच्या उंचीचा, अजून जिवंत असलेला असा एकच सूट निघाला. त्याच्या बाह्या लालभडक होत्या.

“लाल?” एल्डन म्हणाला.

“वीस मीटर खाली गेलं की लाल काळाच दिसतो. पाहुण्यांना तूच सांगतोस ना?”

“वर बोटीवर आर्ली बसलेला असतो, त्याचं काय?”

“आर्लीला मी बघते.”

मग तो घालायचं पर्व सुरू झालं. लोकांना मदत करताना तो किती सहज करायचा, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा एका पायावर नाचायला लागला. शेवटी मी पावाची रिकामी प्लास्टिक पिशवी दिली. ती पायावर चढवली की पाय सूटमधून सुळकन जातो. पोटरीपर्यंत आला, मांडीपर्यंत आला, मग दोघांनी मिळून कंबरेवरून ओढला. पाठीची चेन मी वर नेली. त्यानं हात पसरले, खाली वाकला, मान फिरवली. पाठीच्या खळग्यात मी बोटं घालून बघितलं, तिथे जागा नव्हती. मानेपाशी एक बोट जेमतेम जात होतं.

“श्वास घेता येतो?” मी विचारलं.

“येतो.” मग जरा थांबून म्हणाला, “गरम होतंय.”

“होऊ दे.”

“शिसं किती लागेल?” खाली जाता यावं म्हणून कंबरपट्ट्यात जे वजन अडकवतात, ते त्यानं विचारलं, पण मी उत्तर द्यायच्या आत स्वतःच म्हणाला, “माझं नेहमीचं अधिक एखादं. एवढी वर्षं पाण्यात काढली, मला काय कुणी सांगायला हवं!”

मी म्हटलं, “तीन-चार किलो तरी जास्त घे. जाड रबर वर ढकलतं.” पण तो तोवर सूट उतरवायच्या झटापटीत होता आणि ऐकत नव्हता.

दुसऱ्या दिवशी नवे पाहुणे आले होते. नवे आले की आधी धक्क्यापाशी उथळ पाण्यात शिसं बरोबर आहे का हे बघतात. फुगवायच्या जॅकेटातली हवा सोडली आणि श्वास रोखला की माणूस डोळ्यांच्या पातळीपर्यंत बुडून तसाच तरंगला पाहिजे. मी टॉवेल घेऊन धक्क्यावर गेले होते. एल्डन लाल बाह्यांत बाहेर आला तेव्हा आर्ली बोटीवर दोरी गुंडाळत होता. त्याचे हात थांबले. तोंड उघडलं. मी त्याच्याकडे असं बघितलं, की त्यानं ते मिटलं. मी आर्लीच्या आईला ओळखते, आणि त्याला ते माहीत आहे.

“आता बघा,” एल्डन पाहुण्यांना म्हणाला, “असं बुडायचं.” आणि त्यानं पाण्यात उडी घेतली, जॅकेटातली सगळी हवा सोडली, हात छातीवर बांधले.

तो बुडाला नाही.

खांद्यापर्यंत पाण्याबाहेर, बुचासारखा उभा. त्यानं श्वास सोडला. अजून सोडला. मग पाय वर आले आणि तो पाठीवर उलटा झाला, लाल हात दोन्ही बाजूंना पसरलेले, पायातले फ्लिपर्स आकाशाकडे.

आर्लीला आता माझ्या डोळ्यांची भीती राहिली नव्हती. “मिस वेल्मा!” तो बोटीच्या कठड्याला धरून ओरडला. “ही मुशी नाही हो! हा झिंगा उकडून वर आलाय!”

सगळी बोट हसली, पाहुणे हसले. कशाला हसायचं ते न कळून नवे पाहुणेही हसले. मी हसू टॉवेलमागे लपवलं. एल्डनचा चेहरा आभाळाकडे होता, त्यावर मला काहीच दिसत नव्हतं. तो तसाच दोन-तीन लाटांवर हेलकावला. मग त्यानं मान वळवली आणि मला हळूच म्हणाला, “तीन दे.”

मी धक्क्यावरून वाकून शिशाचे तुकडे एकेक करून त्याच्या हातात दिले. त्यानं ते पट्ट्यात अडकवले, सरळ झाला, श्वास सोडला आणि कपाळापर्यंत व्यवस्थित खाली गेला. वर येऊन तोंडातला नळ काढला आणि पाहुण्यांना मोठ्यानं म्हणाला, “बघितलंत? सूट बदलला की शिसं बदलायचं. विसरलात तर असं होतं. मी दाखवतो म्हणजे नीट लक्षात राहतं.”

“वा! म्हणजे मुद्दाम केलं म्हणे!” आर्ली म्हणाला.

“तुझ्यासारख्या ढ माणसाला समजावं म्हणून,” एल्डन म्हणाला. मग त्यानं आर्लीच्या वडिलांच्या बोटीबद्दल, ती किती वेळा खडकावर चढली होती त्याबद्दल, सविस्तर सांगायला सुरुवात केली. मी टॉवेलची घडी घातली आणि खोलीत परत आले.

त्या दिवशी बोट उशिरा आली. काही झालं म्हणून नाही. सगळ्यांच्या टाक्या संपेपर्यंत ते खाली होते. टेक्सासच्या बाईनं धक्क्यावर उतरताच मला मिठी मारली, मी काहीच केलेलं नसताना. मार्लिस मोजे काढत म्हणाली, “एका मोठ्या स्पंजपाशी आम्ही नुसते थांबलो, वेल्मा. एक भला मोठा ग्रूपर मासा तोंड उघडून पडला होता आणि दोन बारक्या कोळंब्या त्याचे दात साफ करत होत्या. आत शिरायच्या, बाहेर यायच्या. तो जबडा मिटत नव्हता. एल्डननं बोटानं सांगितलं, हलू नका. आणि आम्ही हललो नाही. मी किती वर्षं येते, पण एवढा वेळ तो कधी एका जागी थांबला नव्हता.”

एल्डन त्या दिवशी भिंतीपाशी गेला नाही. सूट अर्धा उतरवून, लाल बाह्या कंबरेला बांधून तो माझ्या दारातल्या पायरीवर बसला. मी त्याला लिंबाचं पाणी दिलं, बिनसाखरेचं. थोडं पिऊन त्यानं इकडे तिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

“वेल्मा, एक सांगू? मला पहिल्यापासूनच थंडी वाजायची.”

“पहिल्यापासून म्हणजे?”

“म्हणजे जाडा होतो तेव्हाही. रोज नाही, पण तिसऱ्या बुडीला, शेवटी शेवटी. म्हणून मी असा झपझप पोहायचो. लोक म्हणायचे, एल्डन दमवतो बुवा, काय वेग आहे! मलाही वाटायला लागलं की माझा वेगच तसा आहे.” त्यानं ग्लासच्या तळाशी बघितलं. “तो ग्रूपर तिथे रोज असणार गं. मी त्याच्या समोरून रोज गेलो असणार.”

मी म्हटलं, “आता उद्या जा.”

“जाणारच आहे.” मग म्हणाला, “कोणाला सांगू नकोस हां.”

मी कोणाला सांगितलं नाही. महिन्याभरानं तो स्वतःच पाहुण्यांना सांगायला लागला, आणि रंगवून. म्हणून मीही आता सांगते.

डीनचं राहिलं होतं. दोन दिवस एल्डन त्याच्या समोर जायचं टाळत होता. तिसऱ्या दिवशी डीननंच त्याला काउंटरपाशी हाक मारली. मी मास्क पुसायच्या निमित्तानं तिथेच घोटाळले.

“हा सूट तुला मोठा होत नाही ना?” डीननं विचारलं. “तुझ्या मापाचा नवा मागवतो. लाल नको असेल तर काळा.”

एल्डन म्हणाला, “तुला काही... म्हणजे तुला असं वाटत नाही ना, की मी आता...”

“की तू काय?”

“की काउंटरवर बसवावं मला.”

डीन हसला. डीन फार हसत नाही. “तुला? काउंटरवर? तू लोकांना गोष्टी सांगत बसशील आणि पैसे घ्यायला विसरशील. आठवड्यात दुकान बुडेल माझं.” मग त्यानं चष्मा काढला. “तुला थंडी वाजते हे मला कधी म्हणाला नाहीस. मला वाटायचं, तुला असंच आवडतं. मी म्हटलं, असेल बुवा एकेकाची हौस.”

एल्डन “काळाच मागव” म्हणाला आणि बाहेर गेला. पण काळा सूट आला तेव्हा त्यानं तो कोरा करकरीत खुंटीवर ठेवून दिला. लाल बाह्या दुरून दिसतात, पाहुण्यांना आपला माणूस लगेच सापडतो, असं म्हणाला. वीस मीटर खाली लाल दिसत नाही याची मी त्याला आठवण करून दिली नाही.

मार्लिस दोन आठवड्यांनी घरी गेली. जाताना आर्लीनं तिची बॅग गाडीत ठेवली आणि म्हणाला, “मिस मार्लिस, तुम्ही एकट्या पेंग्विन होता तेव्हा बरं होतं. आता जोडी झाली. लोक म्हणतील बेटावर बर्फ पडलं.” मार्लिसनं त्याच्या गालाला हात लावला आणि म्हणाली, “पुढच्या वर्षी तुझ्यासाठी पण एक आणते.”

मे महिन्यात पाणी तापलं तसा एल्डन माझ्याकडे आला आणि न विचारता तीनचा सूट घेऊन गेला. ऑक्टोबरात परत पाचचा घेऊन गेला. त्याची साखर आता ताब्यात आहे. रविवारी नोरीन त्याला पावाचा एक तुकडा देते, तो हळूहळू खातो.

परवा पुन्हा उत्तरेचा वारा सुटला आणि बोटी बांधून ठेवल्या. काम नव्हतं. एल्डन माझ्या खोलीत बसून फ्लिपर्सचे पट्टे बदलत होता आणि मी शिवणी चिकटवत होते. मध्येच तो उठून दाराशी गेला, वाऱ्याकडे तोंड करून उभा राहिला, नाकानं हवा ओढली.

“उद्या दुपारपर्यंत पडेल,” म्हणाला.

“पडला तर कुठे नेणार त्यांना?”

त्यानं जरा विचार केला. “पाण्याखालच्या प्रवाळाच्या भिंतीच्या पश्चिम टोकाला एक कपार आहे. तिथे काहीतरी राहतंय. दोनदा मला नुसता डोळा दिसला, बाकी काही नाही. ऑक्टोपस असेल, नाहीतर मोठा खेकडा. उद्या जाऊन बसतो त्याच्यासमोर. येईल कधीतरी बाहेर.”

“आणि नाही आलं तर?”

“तर परवा,” एल्डन म्हणाला, आणि परत येऊन पट्टा हातात घेतला.